कर्ली खाडीकाठचे माड : माती आणि पाण्याच्या नोंदी

18 ऑक्टोबर 2024

सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीच्या खालच्या टप्प्यात, नेरूरपासून देवबागच्या मुखापर्यंत, माडांची तब्येत वाडीगणिक, म्हणजे बागेगणिक, बदलते. बागायतदारांना विचारलं तर उत्तर एकच मिळतं: खाडीचं खारं पाणी वर चढलं, म्हणून माड गेले. पाणी चढतं हे खरंच आहे. पण देवबागला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, तरी तिथले माड भरलेले. आणि मुखापासून बऱ्याच आत, वालावलकडच्या खाजणातल्या (खाडीलगतच्या सखल, खारट जमिनीतल्या) वाडीत मात्र शेंडे बारीक झालेत, झावळ्या खोडाला टेकून लोंबताहेत. नुसतं मीठच मारत असतं तर हे चित्र उलटं दिसायला हवं होतं. हा गुंता सोडवण्यासाठी या नोंदी.

तीन वाड्या निवडल्या. वरची वाडी नेरूरच्या बाजूला, जांभ्याच्या उतारावरून नदीच्या गाळवटीपर्यंत उतरणारी. मधली ही वालावलकडची, खारबांधाच्या आतली, एके काळी भाताचं खाजण असलेली. खालची देवबागच्या पुळणीत. तिन्ही ठिकाणी बाणवली जातीचे, साधारण एकाच वयाचे माड. मालकांची नावं नोंदीत घेणार नाही.

सामान: ईसी मीटर (विजेच्या वहनावरून खारटपणा मोजणारा; आकडे डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये), सामू (पीएच) मीटर, माती काढायचं गिरमिट, आणि पाण्याची पातळी बघायला भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप. प्रत्येक वाडीत पाइप उभे पुरून ठेवले.

27 ऑक्टोबर

खड्डे खणून माती बघितली.

वरच्या वाडीत फारसं आश्चर्य नाही. उतारावर तांबडी, खडेरी माती, सामू 5.2. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन नेतो. मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहतं आणि दिलेलं स्फुरद (फॉस्फरस) तेच धरून बसतं. त्याच वाडीत खाली नदीलगत गाळवट आहे, खोल आणि भुसभुशीत. तिथले माड उतारावरच्यांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतके सरस. मालक एक, खत एक, पाणी एक. फरक फक्त पायाखालच्या जमिनीचा.

देवबागला तीन फुटांपर्यंत नुसती वाळू. खत टाकलं की पहिल्या मोठ्या पावसात खाली जातं. पण विहिरीचं पाणी गोडं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे पावसाचं मुरलेलं पाणी वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. शास्त्राच्या हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी टिकतं. देवबागची पट्टी अरुंद आहे, भरती-ओहोटीने ढवळाढवळ होते, म्हणून प्रत्यक्षात थर त्यापेक्षा बराच पातळ. तरी माडाला तेवढं पुरतं. शिवाय भरतीला ही पातळी किंचित वर येते, ओहोटीला उतरते. मुळांना पाणी आणि हवा आळीपाळीने मिळते.

आता मधली वाडी. वरची वीतभर माती करडी, तिच्यात पांढरी-तांबूस कोवळी मुळं दाट. त्याखाली चिकण माती निळसर राखाडी, मुळांच्या जुन्या वाटांभोवती गंजाचे डाग. दीड फुटावर मुळं काळी. एक चिमटीत धरून ओढलं तर साल बोटांत आली आणि आतला दोर तेवढा मातीत राहिला. कुजक्या अंड्यासारखा वास. खड्डा खणून होतो न होतो तोच त्यात पाणी भरायला लागलं, आणि ते तसंच राहिलं.

माडाला सोटमूळ नसतं. खोडाच्या बुंध्यातून हजारो तंतुमुळं निघतात, बहुतेक दोन मीटरच्या घेऱ्यात. त्यांना केशमुळं नसतात. श्वास घ्यायला मुळांवर बारीक पांढरे उंचवटे असतात. पाणी वाहतं असेल तर मूळ खारटही चालवून घेतं, साचून राहिलं तर गुदमरतं. इथे माडाने खालची सगळी मुळं सोडून दिली आहेत आणि वीतभर मातीवर संसार चालवला आहे.

आणि या मातीची ईसी? काळजी करावी इतकी नाही. मात्र पावसाळा आत्ताच सरला आहे, मीठ धुतलं गेलेलं असणार. एप्रिल-मेचे आकडे येईपर्यंत मिठाला निर्दोष सोडायचं नाही.

16 नोव्हेंबर

कालच्या पौर्णिमेचं उधाण. भरतीला वालावलजवळ खाडीचं पाणी तोंडात धरून बघितलं तर खारटपणा जेमतेम जाणवतो. वरून अजून नदीचं गोडं पाणी जोरात येतंय. बांधाला फिरून आलो. बांध ठीक आहे, कुठे खेकड्यांनी पोखरलेला आहे तेवढंच.

उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी मात्र नीट बघण्यासारखी आहे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडावी आणि भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटावी, एवढं साधं आणि भरवशाचं काम. ही फळी मिटते, पण अर्धवटच उघडते, कारण बाहेर गुडघाभर गाळ साचलाय. म्हणजे खारं पाणी आत येत नाही आणि आतलं पाणी बाहेर जात नाही. बांध जे राखायला घातला ते राखतोय; आतल्या आत वाडी सडतेय.

9 डिसेंबर

पानांचे नमुने. माडाच्या अन्नद्रव्यांचा अंदाज चौदाव्या झावळीवरून घेतात. शेंड्यातली पूर्ण उघडलेली सर्वांत कोवळी झावळी पहिली, तिथून खाली मोजत यायचं. खूण अशी की चौदाव्या झावळीच्या बगलेतल्या घडावर मुठीएवढी फळं असतात. मधल्या पात्या काढायच्या, त्यांचा मधला तुकडा ठेवायचा, शीर काढून टाकायची. हे सकाळी अकराच्या आत उरकायचं, आणि नुकताच मोठा पाऊस झालेला नसावा.

माडावर चढून नारळ उतरवणाऱ्या पाडेली भाऊंशिवाय हे काम झालंच नसतं. वरच्या आणि खालच्या वाडीत ते काही न बोलता उतरले. मधल्या वाडीत वरूनच ओरडून म्हणाले, "पोय येता, पण बोंडां रवणत नाय." म्हणजे फुलोरा येतो, पण कोवळी फळं टिकत नाहीत. खाली आल्यावर विचारलं, कधीपासून? ते म्हणाले तीन पाडपांत (नारळ उतरवण्याच्या फेऱ्यांत) हे वाढलंय असं नाही, तीन वर्षं होऊन गेली. पोयी आखूड होत गेल्या, मग बोंडं गळायला लागली, आता झावळ्याच कमी. मोजल्या तर काही माडांवर वीसच्या आसपास. चांगल्या माडावर तीस ते चाळीस असायला हव्यात.

वर चढणाऱ्या माणसाला माड इतक्या जवळून दिसतो की त्याच्या सांगण्याला माझ्या मीटरइतकंच वजन द्यायला हवं. यापुढे प्रत्येक पाडपाला भाऊंना विचारून वेगळी नोंद करणार.

22 जानेवारी 2025

पानांचा अहवाल आला.

वरच्या वाडीत उताराच्या माडांना पालाश आणि मॅग्नेशियम दोन्ही कमी. जुन्या झावळ्यांच्या पात्या उन्हाच्या बाजूने पिवळ्या पडतात ते यामुळेच. उपाय सरळ आहे: डोलोमाइट, मॅग्नेशियम सल्फेट, आणि पालाशचे हप्ते न चुकवणं.

देवबागच्या पानांत क्लोराइड भरपूर, आणि माड उत्तम. हे अनेकांना पटत नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. क्लोराइड हे माडाचं अन्नद्रव्य आहे. पानावरची छिद्रं उघडण्या-मिटण्यासाठी माड पालाशबरोबर क्लोराइड वापरतो. ते कमी पडलं तर उन्हाळ्यात पाणी राखणं त्याला जमत नाही. फिलिपिन्समध्ये समुद्रापासून लांबच्या माडांना साधं मीठ खत म्हणून देतात. आपल्याकडे रोप लावताना खड्ड्यात मीठ घालायची जी जुनी रीत आहे, ती वाळवीसाठी म्हणून सांगितली जाते. पण त्या मिठाचा माडाला असाही उपयोग आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्येही वजनाने निम्म्याच्या जवळ क्लोरिनच असतं.

मधल्या वाडीत सगळंच कमी. नत्र कमी, पालाश कमी, बोरॉन कमी. मातीत नाही म्हणून नव्हे, मुळं घेऊ शकत नाहीत म्हणून. मातीच्या तपासणीत पालाश पुरेसं दिसतं आणि पानात उतरत नाही, तेव्हा खताची गोणी वाढवून उपयोग नसतो.

3 फेब्रुवारी

मधल्या वाडीच्या मालकांकडे, म्हणजे काकांकडे, बसलो होतो. त्यांनी जिप्सम आणून ठेवलंय. कुणीतरी सांगितलं की खाऱ्या जमिनीला जिप्सम. सोडियमने माती घट्ट झालेली असेल, सामू साडेआठच्या वर असेल, तिथे जिप्सम उपयोगी पडतं, आणि तेही निचरा असेल तर. सुटलेला सोडियम धुऊन जायला वाट हवी. इथे सामू साडेपाच. जिप्समने तो सुधारत नाही. काकांना हे सांगितलं, त्यांनी गोण्या परत दिल्या.

मग सहज विचारलं, वाडीच्या मागचा रस्ता कधी झाला? आठ वर्षं होत आली असतील, म्हणाले. आधी पाणंद होती, पावसाचं पाणी तिच्यावरून ओलांडून खाडीकडे जायचं. नंतर भराव आला. मोरी आहे, पण तिचा तळ वाडीच्या जमिनीपेक्षा वर. पाणी मोरीपर्यंत चढेस्तोवर वाडी तुंबलेली. उघाडीबाहेरचा गाळही त्यानंतरच वाढला. वाहतं पाणी तो धुऊन नेत होतं, ते थांबलं.

इथे मला या सगळ्या कामाचा गाभा सापडला असं वाटतं. पोयीचा पहिला अंकुर शेंड्याच्या आत धरल्यापासून नारळ पक्व होईपर्यंत सुमारे 44 महिने लागतात. पोय बाहेर येण्याआधीचे 32 महिने ती आत, कुणाला न दिसता वाढत असते. म्हणजे मुळांवर आज आलेलं संकट नारळाच्या संख्येत पुरतं उतरायला तीन-साडेतीन वर्षं जातात. रस्ता झाला त्या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्याही वर्षी नारळ जवळजवळ तसाच निघाला. त्यामुळे रस्त्याचा संशय कुणालाच आला नाही. उत्पन्न घटायला लागलं तेव्हा जे समोर दिसत होतं त्यावर बोट ठेवलं गेलं: उन्हाळ्यात खारट होणारी खाडी.

15 मार्च

होळीच्या पुनवेचं उधाण, वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. मुद्दाम हाच दिवस धरला होता.

होडीतून नमुने घेतले. बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी. तळाला टेकल्यावर बुचाची दोरी ओढायची, बुडबुडे थांबले की वर घ्यायचं. वालावलसमोर भर भरतीला वरच्या पाण्याची ईसी 11, तळाची 29. समुद्राचं पाणी साधारण 50. ओहोटी पूर्ण लागल्यावर वरचं पाणी 4 वर आलं, तळाचं अजून 20 च्या वर.

खारं पाणी तळातून पाचरीसारखं वर शिरतं आणि गोडं त्याच्यावरून सरकत जातं, हे पुस्तकात वाचलेलं. दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या की ते कायमचं लक्षात राहतं. नदीतून वाळू उपसून तळ खोल झाला की ही पाचर आणखी आत जाते. खाडीकाठच्या लोकांची तक्रार खोटी नाही.

पलीकडच्या काठावर एकाचा पंप चालू होता, तोही भरतीला, आणि फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड) थेट तळाशी. म्हणजे सर्वांत वाईट वेळी सर्वांत वाईट पाणी. सिंचनाच्या पाण्याची ईसी 3 च्या वर गेली की बहुतेक पिकांना जपावं लागतं; हा 29 चं पाणी आळ्यात सोडत होता. त्याला बाटल्या दाखवल्या. दुपारपर्यंत त्याने रिकामा कॅन बांधून फूटव्हॉल्व्ह वर तरंगता केला. ओहोटीच्या शेवटी तासभरच पंप लावायचा आणि नव्या रोपांना हे पाणी अजिबात द्यायचं नाही, असं ठरलं. रोपांना विहिरीचंच पाणी द्यायचं, रोज थोडं थोडं.

22 मार्च

भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती. त्याच जागी वर 7, तळाशी 16. उधाणाच्या दिवसांत पाणी लावणं टाळता आलं तर भांगाच्या दिवसांत नुकसान बरंच कमी.

6 एप्रिल

मधल्या वाडीत पुन्हा गिरमिट मारलं. वरच्या चार बोटांत ईसी ऑक्टोबरच्या कितीतरी पट. उघड्या जागी पांढरी पुटं. खाली दोन फुटांवर मात्र एवढी नाही.

मीठ आलं, पण बांध फोडून नाही. पाइपात पाण्याची पातळी ऐन एप्रिलमध्येही अडीच फुटांवर आहे. चिकण माती ते पाणी वर ओढते, ऊन पाणी नेतं आणि मीठ मुळांजवळ सोडतं. जमिनीतलं पाणी खाली उतरलेलं असतं तर हा प्रवास झालाच नसता. पावसाळ्यात गुदमरणं आणि उन्हाळ्यात खारणं, दोन्हीचं मूळ त्या तुंबलेल्या निचऱ्यात आहे. त्यामुळे पहिला खर्च चरावर आणि उघाडीवर. खत, बोरॅक्स, सगळं त्याच्या मागून.

12 एप्रिल

रात्री शत्त-अल-अरबबद्दल वाचत बसलो. इराकमध्ये कुर्ना इथे तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येतात, तिथून आखातापर्यंत दोनशे किलोमीटरची ही नदी. तिच्या काठी खजुराच्या राया. गंमत अशी की आखाताची भरती नदीचं गोडं पाणी मागे रेटायची, ते पाटांतून रायांत चढायचं आणि ओहोटीला परत उतरायचं. पंप नाही, मोट नाही. दिवसातून दोनदा पाणीही मिळालं आणि निचराही झाला. भरती-ओहोटीवर चाललेल्या इतक्या सुंदर शेतीबद्दल मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

1980 ते 1988 च्या इराण-इराक युद्धात या राया उद्ध्वस्त झाल्या. पुढे वरच्या देशांतली धरणं आणि वळवलेलं पाणी यांनी नदीचा जोर कमी झाला, आणि तीच भरती गोड्याऐवजी खारं पाणी रेटू लागली. 2018 च्या उन्हाळ्यात बसऱ्यात पाणी इतकं बिघडलं की एक लाखाहून अधिक लोकांना रुग्णालयात जावं लागलं. खजूर हे मीठ सोसणारं झाड आहे. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी 4 होईपर्यंत त्याचं उत्पन्न घटत नाही, पुढे प्रत्येक एककाला साडेतीन-पावणेचार टक्क्यांनी घटतं. असं झाडसुद्धा तिथे हरलं.

आपली खाडी त्या वाटेवर गेलेली नाही. इथे दर जूनमध्ये आकाशातून इतकं गोडं पाणी उतरतं की वर्षभराचं मीठ महिन्यात धुऊन निघावं. फक्त त्या पाण्याला बाहेर जायला जागा ठेवली पाहिजे. म्हणूनच मधली वाडी सोडून द्यावी असं जे काही जण म्हणतात, ते मला मान्य नाही.

24 एप्रिल

चर खणायला घेतले. दोन ओळींआड एक, तीन फूट खोल, सगळे उघाडीकडे उतरते. भरावाखालून खालच्या पातळीवर पाइप टाकायला परवानगी मिळाली, ते मोठं काम झालं. उघाडीबाहेरचा गाळ माणसं लावून काढला.

चरातला काळा चिखल माडांच्या आळ्यांत घालावा असं सगळ्यांचं मत होतं. जुनी रीत आहे आणि बहुधा चांगलीच. पण तिवरांखालच्या काळ्या चिखलात लोह आणि गंधक एकत्र अडकलेलं असू शकतं. पाण्याखाली ते निरुपद्रवी, हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं. म्हणून फेब्रुवारीत गिरमिटाने काढलेला चिखल ताटलीत ठेवून ओला-सुका करत होतो. ताजा असताना सामू 6.8. आज 3.7, आणि ढेकळांच्या फटींत फिकट पिवळे डाग. हा चिखल बुंध्याशी गेला असता तर उरलीसुरली मुळंही भाजली असती. सगळा बांधाच्या बाहेरच्या अंगाला टाकला. काका जरा नाराज झाले, फुकटचं खत गेलं म्हणून. ताटलीत सामूची पट्टी बुडवून दाखवली तेव्हा पटलं.

26 मे

पाऊस यंदा फार लवकर आला. 20 तारखेपासून कोसळतोय आणि मान्सूनही कालच कोकणात दाखल झाला. चर दोन ठिकाणी अपुरे होते, तिथे रात्री उभं राहून माती काढली. उघाडीची फळी ओहोटीला पूर्ण उघडते, आणि तिच्यातून तांबडं पाणी इतक्या जोराने बाहेर पडत होतं की शेजारपाजारची माणसं बघायला आली.

19 जून

खताचा पहिला हप्ता. मोठ्या माडाला वर्षाला 50 किलो शेणखत, 2.25 किलो युरिया, 3 किलो सुपर फॉस्फेट, 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश, ही कोकणातली शिफारस. शेणखत आणि सुपर फॉस्फेट आत्ता, बाकीचं जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी अशा तीन वाट्यांत. मधल्या वाडीत युरिया थोडा थांबवला. पाणी साचलेल्या मातीत नत्र वायू होऊन उडून जातं. पातळी खाली गेल्याची खात्री झाल्यावरच देणार. देवबागला उलट, तेच खत आणखी लहान हप्त्यांत, कारण वाळू धरून ठेवत नाही. वरच्या वाडीत डोलोमाइट पावसाआधी द्यायचा राहिला, तो आता ऑक्टोबरात.

20 जुलै

मधल्या वाडीत पावसाची आठवडाभर झोड असूनही पाइपातली पातळी ओहोटीनंतर दोन फुटांखाली जाते. भरतीला वर येते, पुन्हा उतरते. वरच्या मातीची ईसी ऑक्टोबरच्या पातळीला आली. युरिया दिला.

एका माडाच्या बुंध्याजवळ हलक्या हाताने उकरलं. फूटभर खाली, निळसर मातीत, नवी पांढरी मुळं शिरलेली आहेत. टोकं कडक आणि स्वच्छ.

काकांना स्पष्ट सांगून ठेवलंय: झावळ्या वर्षभरात सुधारतील, बोंडं टिकायला त्याहून वेळ लागेल, आणि या चरांनंतर धरलेल्या पोयींचा नारळ 2028 च्या अखेरीआधी पाडपात येणार नाही. तोपर्यंत उत्पन्नाच्या आकड्यावरून चर बुजवायचे नाहीत आणि पुन्हा जिप्सम आणायचं नाही. दर महिन्याला पाइपातली पातळी ते स्वतः लिहिणार आहेत, वही त्यांच्याकडे दिली. उघाडीबाहेरचा गाळ ऑक्टोबरच्या हप्त्याआधी पुन्हा काढायचा आहे. दोन माणसं आणि एक होडी आत्ताच सांगून ठेवली.